जमा बाजू

अनुदानाचा पहिला हप्ता सप्टेंबरात येणार होता.
सप्टेंबर आला, एकटाच.
मी वीजबिलाच्या पाठीवर आकडे मांडत बसले:
थकलेले पगार अडीच, बंद केलेली मासिकं पाच,
उंदरांनी 'म'पर्यंत खाल्लेला शब्दकोश एक.

बैठकीला सातजण. तेही चहामुळे.
अध्यक्ष म्हणाले, थांबू, शासन काही पळून जात नाही.
तेव्हा डिगंबर भारंबे,
जे वर्षभर फक्त पेनाचं टोपण उघडतात,
त्यांनी तोंड उघडलं:
"भाऊ, केळीचं खोड एकदाच घड देतं.
आपण घड कापून नेला
आणि बारा वर्षं त्याच खोडाला पाणी घालतोय.
बुडाशी पिलं किती, कोणी वाकून पाहिलं?"

मग आम्ही वाकलो.

वजनकाट्यावरचा अन्वर पिंजारी म्हणाला,
गाडीमागे दोन रुपये धरतो, पावतीवर शिक्का मारून.
आता सावद्याची केळी दिल्लीला निघाली
की दोन रुपये मागे वळून पाहतात.

जिनिंगवाल्या शेठनी विचारलं, पाटी केवढी?
आम्ही हात पसरून दाखवली.
ते म्हणाले, वाचनालयाच्या नावाहून मोठी हवी.
रक्कम अशी होती की खजिनदारांना ठसका लागला,
आणि पाणी शेठच्याच माठातलं प्यावं लागलं.

मार्गशीर्षात भरीत घातलं.
बामणोदची वांगी, तुरीच्या काड्यांचा जाळ, तिकीट ऐंशी.
लोकांनी तीनतीनदा वाढून घेतलं.
पुस्तकाचं नाव कोणी काढलं नाही.
फक्त एक बाई, पदराला हात पुसत:
"सभासद व्हायला वाचता यावं लागतं का?"
नियमावली मी बावीस वर्षं सांभाळतेय.
त्यात हे कुठेच नाही.
कस्तुराबाई. पन्नासची नोट. तिला कोथिंबिरीचा वास.
गुरुवारी येते, बालविभागात बसते,
चित्रातल्या हत्तीला बोटाने सोंडेपासून शेपटीपर्यंत वाचते.

अभ्यासिकेतली पोरं महिना दोनशे देतात
आणि दोनशेइतकं बोलतात:
"मॅडम, कादंबऱ्यांची कपाटं हलवा,
परीक्षेला येत नाहीत."

आणि हमालांची टोळी. हप्त्याला शंभर, सुट्टे.
मुकादम हुसेन तडवी नाणी मोजून झाल्यावर म्हणाला,
"आमची गाडी नऊला भरते.
तुमचं कुलूप आठला लागतं.
पैसा आमचा घेता, मग कुलूप कोणाचं?"

त्या रात्री झोप लागली नाही.
सरकारच्या पैशाला तोंड नव्हतं.
तो फक्त तीन प्रती मागायचा, आणि गप्प.
हा पैसा चप्पल काढून आत येतो,
विचारतो, मी कुठे बसू?
खरं सांगू, मला तो जुना मुका पैसाच आवडायचा.
त्याची वाट पाहताना निदान
आपलं काही चुकतंय असं वाटत नसे.

कपाटं हलवली नाहीत.
मीच हलले. माझं टेबल आता व्हरांड्यात,
तिथे पोरांच्या दोन खुर्च्या जास्त मावल्या असत्या
असं एकाने तरी ऐकवलंच.
शेठना पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरची जागा देऊ केली.
त्यांचं उत्तर अजून नाही.
टाकीही अजून नाही.

अनुदान आलं मार्चच्या एकतीसला, संध्याकाळी,
छाटून, कापून, पण आलं.
मी ते वहीत घेतलं,
वर काट्यावरच्या एकशे चौदा गाड्या,
खाली रद्दीचे तीनशे सत्तर.
आधी ती ओळ मी लाल शाईत लिहायचे.
या वेळी पेन बदललं नाही.

आता दहा वाजलेत.
मी कुलूप हातात घेऊन दारात उभी.
आत एकच दिवा,
त्याखाली खांद्यावरचं फडकं न काढलेला एक माणूस.
"हुसेनभाऊ, दहा झाले."
"एवढा कॉलम संपू द्या ना, बाई."